काळाला फसवायची नावं

या शिंप्यांच्या घरात मुलांची नावं काळाला फसवण्यासाठी ठेवत. एक मूल गेलं की पुढचं जन्मताच चिंध्यांच्या ढिगावर ठेवायचं आणि त्याला केरू, दगडी, भिक्या असं काहीतरी म्हणायचं. काळ दाराशी येणार, टाकाऊ माल बघून नाक मुरडणार आणि पुढच्या घरी जाणार! काळ म्हणजे जसा काही चोखंदळ गिऱ्हाईकच. घरातल्या सुनेचे सासरे स्वतः भिक्या. म्हातारपणीही ठणठणीत, म्हणून सासूबाईंचा या उपायावर ठाम विश्वास.

सुनेचं पहिलं बाळ नाव ठेवायच्या आधीच गेलं. दुसऱ्याला केरू म्हटलं. आता तिसरी, तान्ही मुलगी तिच्या मांडीवर होती. सासूबाईंनी शिलाई मशीनखालच्या चिंध्या झाडून ढीग केला.

"आण तिला इकडे. दगडी म्हणायचं हिला."

"नाही."

या सुनेनं आजवर बटणाच्या रंगावरूनही कधी वाद घातला नव्हता.

"अगं, हट्ट कसला करतेस? पोरीच्या जिवावर बेतेल!"

भीती सुनेलाही होती. दोनदा पोळलेल्या बाईला नसेल तर कुणाला असेल? पण संताप भीतीहून मोठा होता.

"केरूचं काय झालं, आई? तुम्ही सांगितलंत तस्संच केलं. कधी त्याला राजा म्हटलं नाही, सोन्या म्हटलं नाही. तापानं फणफणला होता तेव्हासुद्धा 'केरू, केरू' करत बसले. गेलाच ना तो? आणि जाताना आईच्या तोंडून काय ऐकून गेला? केर!"

सासूबाई चिंध्यांच्या ढिगाशी खाली बसल्या.

सुनेनं मुलीला उचललं, दार सताड उघडलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "माणिक! माझ्या मुलीचं नाव माणिक! कुणाला यायचंच असेल तर गाठ माझ्याशी आहे!"

समोरचा न्हावी गिऱ्हाईक अर्धवट सोडून बघायला लागला. बघेना का.

ती आत आली तेव्हा सासूबाई चिंध्या पोत्यात कोंबत होत्या.

"आणि त्याचं, केरूचं, नाव काय ठेवणार होतीस गं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"दौलत."

"मग ते का गिळून बसलीस?"

गुडघ्यांवर हात टेकून सासूबाई उठल्या, दारात गेल्या आणि सुनेपेक्षा मोठ्यानं ओरडल्या, "माझ्या नातवाचं नाव दौलत होतं!"