दोघांचं हो

मी बोलायला लागले की समोरचा चहा गार होतो, असं आमचे हे म्हणतात. म्हणेनात का. बोलायचाच पगार घेते मी. शाळेच्या वरच्या वर्गांतल्या मुलांच्या घरी फोन करायचे, यंदा मुलाकडून काय अपेक्षा आहे, पुढे कोणते विषय घेता येतील, कधीपर्यंत ठरवायचं, हे घरच्यांना समजेल अशा भाषेत सांगायचं, हे माझं काम. दारावर 'पालक संपर्क' अशी पाटी आहे. आत पूर्वी प्रयोगशाळेचं सामान ठेवायचे, त्यामुळे भिंतीला एक पाणी न येणारा नळ आहे. दोन टेबलं, दोन फोन आणि एकच खिडकी, तीही सायकली लावतात त्या बाजूला.

दुसऱ्या टेबलावर सरळरेषा बसते. नाव मी ठेवलंय. वयाने लहान, मला ताई म्हणते, पण नियमाला सोडून पाणीसुद्धा पिणार नाही.

आणि नियम माझाच. गेल्या वर्षी एका मुलाने विषय बदलला. आईने हो म्हटलं होतं, बापाला पत्ताच नव्हता. तो येऊन मोठ्या बाईंच्या टेबलावर हात आपटून गेला. तेव्हा मीच उठून शहाणपणा केला. म्हटलं, यापुढे विषय बदलायचा तर आईवडिलांना वेगवेगळं विचारायचं. फोन स्पीकरवर ठेवायचा, शेजारच्याने नुसतं ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही. शाळेतल्याच कुणाचं मूल असेल तर फोन दुसऱ्याने करायचा. आणि एकदा दोघांचं हो आलं की वर्षभर बदल नाही. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. आपल्याच पायावर धोंडा मारून घेतल्याबद्दल शाबासकी मिळवणारी मीच पहिली असेन.

आमची बुटकी याच शाळेत आहे. नाव बुटकी, उंचीने माझ्याहून दोन बोटं वर. ह्यांचं औषधांचं दुकान आहे, आणि ती सहावीत होती तेव्हाच ह्यांनी दुकानाची पाटी नव्याने रंगवून घेतली, खाली 'आणि कन्या' असं लिहून. म्हणजे तिने विज्ञान घ्यायचं हे ठरलेलंच. ती मात्र एक दिवस माझ्या मागे स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली की तिला विज्ञान नको, मैदानापलीकडच्या कार्यशाळेत सुतारकाम शिकायचंय. आधी मी हसले. मग तिने केलेलं स्टूल बघायला गेले. बसून बघितलं, उभं राहून बघितलं, पाय कुठे हलतोय का ते बघितलं. हलत नव्हता. स्टुलाकडे बघताना पोरीचा चेहरा असा होता की तिथेच माझं हो ठरलं. वर्गशिक्षिकेला तसं सांगूनही आले. ह्यांच्याशी मी बोलते, माझ्या पद्धतीने, असं बुटकीला म्हटलं.

माझी पद्धत म्हणजे आज नको, उद्या. एकदा दुकानात माल यायचा होता, एकदा ह्यांची पाठ धरली होती. एकदा तर ते इतके खुशीत होते की माझाच जीव होईना. मला भीती वाटत होती, उगाच कशाला लपवू. भांडणाची नाही, भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण ह्यांचा चेहरा पडला की ते मुकाट्याने जेवतात, ताट स्वतः घासून ठेवतात, आणि मला ते बघवत नाही. लोकांच्या घरी तोंड फाटेस्तोवर सांगते आणि स्वतःच्या घरी तोंडाला कुलूप.

आज विषय बदलायचा शेवटचा दिवस उजाडला. सकाळीच मी सरळरेषेला हळूच म्हटलं, आमच्या घरचा फोन अगदी शेवटी कर. म्हणजे मधल्या सुट्टीत बाहेर जाऊन ह्यांना गाठता येईल, असा माझा बेत. तेवढ्यात मोठ्या बाई स्वतः येऊन बसल्या. शेवटचा दिवस आहे, तुमचं काम बघावं म्हटलं, म्हणाल्या. खुर्ची नेमकी दाराशी ओढली. मधल्या सुट्टीत त्यांनी तिघींचा चहा आतच मागवला आणि आमच्या नियमामुळे यंदा एकही तक्रार नाही हे मला दोनदा सांगितलं. मी नळाकडे बघत बसले. उठून जावं तर कशाला ते सांगावं लागेल, बसून राहावं तर फोन लागेल. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दारात मोठ्या बाई.

सरळरेषेने दुकानाचा नंबर फिरवला. मी मनात म्हटलं, उचलू नका, गिऱ्हाइकांची गर्दी असू दे. पहिल्याच घंटेला उचलला.

तिने नीट ओळख सांगितली आणि मीच लिहून दिलेली वाक्यं एकेक करून म्हणायला लागली. आपली मुलगी विज्ञानाऐवजी सुतारकाम घेऊ इच्छिते. आईची संमती मिळाली आहे. आता वडिलांचं मत हवं आहे.

पलीकडे कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं, तेवढं ऐकू आलं. माझ्या जिभेवर शब्द आले होते, पण मोठ्या बाईंनी ओठांवर बोट ठेवून मला हसून दाखवलं. नियम.

"याबद्दल घरात बोलणं झालं आहे का?" सरळरेषेने पुढचं वाक्य घेतलं.

"हो," हे म्हणाले. "झालंय."

"मग तुमचंही हो धरू?"

"धरा."

मोठ्या बाई उठल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या की घर असावं तर असं. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

संध्याकाळी मी घरी न जाता सरळ दुकानात गेले. तीन गिऱ्हाइकं होती. ह्यांनी मला बघितलं आणि पुढच्याला गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावत राहिले. मी रांगेत उभी राहिले. शेवटचा गेल्यावर ह्यांनी काच पुसायला घेतली.

मी सुरुवात केली. मुलीचा कल ओळखणं महत्त्वाचं असतं, हल्ली कार्यशाळेतूनही पुढे चांगले मार्ग आहेत.

"हे शाळेतलं झालं," हे म्हणाले. "घरचं बोल."

मग मी सांगितलं. स्टुलाचं सांगितलं, चेहऱ्याचं सांगितलं, रोज उद्यावर ढकलल्याचं सांगितलं. चुकले म्हटलं. हे काच पुसत होते, पुसलेलीच परत पुसत होते.

"तिकडे तुझ्या शाळेतली माणसं ऐकत होती," ते म्हणाले. "त्यांच्यासमोर तुला खोटं पाडू का? म्हणून हो म्हटलं. आता फिरवताही येत नाही."

"तुम्ही रागवा तरी."

"कशावर रागवू? मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. भांडलो असतो तिच्याशी. दोन दिवस जेवलो नसतो. मग गेलो असतो ते स्टूल बघायला. तेवढं तरी माझ्या वाट्याला ठेवायचंस."

मी माझ्या बाजूची काच रुमालाने पुसायला लागले.

तेवढ्यात बुटकी आली. दप्तर पायरीवरच टाकलं आणि काउंटरची फळी उचलून थेट आत घुसली. वर्गशिक्षिकेने तिला सांगितलं होतं की वडिलांनी एका दमात हो म्हटलं, एक प्रश्नही विचारला नाही. ती ह्यांच्या गळ्यात पडली. मोठी झाल्यापासून पडली नव्हती.

"बाबा, खरंच लगेच हो म्हणालात?"

ह्यांनी एक हात तिच्या पाठीवर ठेवला. दुसऱ्या हातात पुसायचं फडकं तसंच होतं. "त्यात विचारायचं काय," ते म्हणाले.

"मी तर पहिल्या दिवशीच तुम्हाला सांगणार होते," ती त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून बोलत होती. "स्टूलही आधी तुम्हालाच दाखवणार होते. आईच म्हणाली थांब, बाबांना झेपणार नाही."

ह्यांनी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. मग तिला सांगितलं की स्टूल उद्या दुकानात आण, मला बघायचंय. ती हो हो म्हणत होती आणि हसत होती. मी काउंटरच्या अलीकडे, गिऱ्हाइकं उभी राहतात तिथेच उभी होते, आणि मला आत ये असं कुणी म्हणालं नाही.