पान चौदाशे एक

तीनशे बारा लिंका होत्या. त्यातल्या तीनशे अकरा सुतासारख्या सरळ चालत होत्या आणि एक मेली काही केल्या वठणीवर येत नव्हती.

काम तसं रोजचंच. वकिलानं अपिलाच्या निवेदनात लिहायचं, ‘नर्सची साक्ष, पान अमुक’, आणि ओडेलियानं त्या आकड्याला लिंक जोडायची. न्यायाधीशांनी क्लिक केलं की खटल्याच्या चार हजार पानांतलं नेमकं तेच पान समोर उघडलं पाहिजे. यात एक खड्डा असतो, आणि नवशिके त्यात हमखास पडतात. रेकॉर्डच्या पहिल्या पानावर ‘एक’ छापलेलं असतं, पण त्याच्या आधी अनुक्रमणिकेची अकरा पानं असतात. कॉम्प्युटर ती मोजतो, माणूस मोजत नाही. मग प्रत्येक लिंक अकरा पानं मागे उघडते.

पण ओडेलिया काय कालची पोर होती? लाफिएत गावातल्या या वकिली ऑफिसात तिची बावीस वर्षं गेली होती, आधी थोरल्या लँड्री वकिलांच्या हाताखाली आणि आता त्यांच्या मुलाच्या, थर्मनच्या.

वाक्य असं होतं: ‘श्रीमती कोरीन हेबर्ट यांनी मदतीसाठी बेल वाजवल्याचं रेकॉर्डमध्ये कुठेही दिसत नाही. नर्सची साक्ष, पान १४१२.’ कोरीनबाई एक्याऐंशी वर्षांच्या. वृद्धाश्रमात एका दुपारी पलंगावरून पडल्या आणि तिथेच गेल्या. खटल्यात ज्युरीनं त्यांच्या मुलीच्या बाजूनं कौल दिला होता. तो फिरवायला वृद्धाश्रमानं थर्मनला गाठलं होतं, आणि आज पाचच्या आत कोर्टाला फाइल जायची होती.

ओडेलियानं १४१२ वर क्लिक केलं. उघडलं १४०१. तिनं लिंक दुरुस्त केली, सेव्ह केली, पुन्हा क्लिक केलं. पुन्हा १४०१.

“काय नसती ब्याद आहे!” ती पुटपुटली. तिसऱ्यांदा लिंक पुसून नवी जोडली. तिसऱ्यांदाही तेच पान आलं. आणि मग तिनं ते वाचलं.

साक्ष होती वायरिंग बघणाऱ्या मिस्त्रीची. कुठल्या खोलीतून कधी बेल वाजली याची नोंद ठेवणाऱ्या भिंतीवरच्या पेटीबद्दल तो तारा, दिवे, फ्यूज असलं काहीबाही सांगत होता. तसली पानं वकील लोक कधी वाचत नाहीत; ना थर्मननं ती वाचली होती, ना मुलीच्या वकिलानं. मध्येच तो म्हणत होता: पेटी चांगली चालू होती, साहेब. त्या दुपारचंच बघा ना. चौदा नंबरची खोली, एक वाजून दहापासून चार वाजेपर्यंत एकोणीस वेळा.

चौदा नंबर म्हणजे कोरीनबाईंची खोली.

कोरीनबाईंना ओडेलियानं कधी पाहिलं नव्हतं. पण बेल दाबणारा तो हात तिला दिसला, आणि तो तिच्या आईचा होता. आई दुसऱ्या आश्रमात होती, तासाभराच्या रस्त्यावर. फोनवर म्हणायची, “बेल दाबते गं, कुणी येत नाही.” आणि ओडेलिया म्हणायची, “आई, त्यांना काय तू एकटीच आहेस का?” गेल्या वर्षी एका दुपारी आई गेली. झोपेतच गेल्या, बेलबिल काही वाजवली नाही, असं आश्रमवाले म्हणाले. ओडेलियानं विश्वास ठेवला, कारण तो ठेवायला सोपा होता. तेव्हापासून एकच प्रश्न तिला सोडत नव्हता: आईनं खरंच बेल वाजवली नसेल?

ती उठून थर्मनच्या खोलीत गेली. बाहेर त्याला ती साहेब म्हणायची. दार लावलं की तो शाळेतून येऊन तिच्या टेबलाखाली खेळणारा पोरगाच.

“थर्मन, ते वाक्य काढ.”

“कुठलं?”

“बेलचं. खोटं आहे ते. पान चौदाशे एक वाच.”

त्यानं वाचलं. बोडीनचा, म्हणजे भात भरलेल्या सॉसेजचा, घास तोंडात तसाच राहिला. मग त्यानं तो सावकाश गिळला. “त्यांच्या वकिलाला नाही ना सापडलं? मग आपण कशाला दाखवायचं? मिस ओडेलिया, तुम्ही खाल्ल्या घरचे वासे मोजताय.”

“कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, बाबा.”

“लिंक तेवढी सरळ करा. जमत नाही का आता? चष्मा बदला.”

“तीनदा केली. तूच कर की. बघू तुझं तरुण रक्त.”

थर्मन येऊन तिच्या कॉम्प्युटरपुढे बसला. लिंक जोडली, सेव्ह केली, अकरा पानं बोटांवर मोजूनसुद्धा घेतली. क्लिक केलं. १४०१. पुन्हा जोडली. १४०१. खोलीत एसी चालू होता तरी त्याच्या मानेवर घाम आला.

“हे काय आहे?” त्यानं हळूच विचारलं.

“मला काय विचारतोस? तिला विचार.”

“कुणाला?”

ओडेलियानं पडद्यावरच्या ‘चौदा नंबरची खोली’ या शब्दांवर बोट ठेवलं.

थर्मन उठून उभा राहिला, पुन्हा बसला. “हे असंच कोर्टात गेलं तर? न्यायाधीशांच्या हाताखालची पोरं हल्ली एकेक लिंक उघडून बघतात. बेल वाजलीच नाही म्हणायचं, आणि बोट लावलं की एकोणीस वेळा वाजली! आपल्याच हातानं आपला गळा कापायचा!” त्यानं ते वाक्य निवडलं आणि खोडून टाकलं. त्याच्या मनाला टोचलं म्हणून नाही, घाबरला म्हणून. पण गेलं ते गेलं. साडेचारला फाइल कोर्टाला पोचली. तो गाडी काढून घरी गेला.

ओडेलिया खुर्चीत बसून राहिली. कोरीनबाईंची मुलगी आईसाठी कोर्टापर्यंत गेली होती. ओडेलियानं स्वतः आपल्या आईसाठी एक प्रश्नही विचारला नव्हता. मला जाणून घ्यायचं नव्हतं, असं ती मोठ्यानं म्हणाली, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

मग तिनं आईच्या आश्रमाला फोन लावला. ऑफिसमधली मुलगी नवी होती, आवाजानं गोड. ओडेलियानं आईचं नाव आणि ती तारीख सांगितली. “त्या दिवसाची बेलची नोंद असते का गं तुमच्याकडे?”

“असते की, मॅडम. थांबा हं.” कीबोर्डचा खटखट आवाज आला. “ही बघा. पाच नंबरची खोली ना? सापडली. ईमेल करू?”

“किती आहे?”

“तीन पानं.”

“अगं, मी एका दिवसाची म्हणतेय.”

“हो मॅडम, एकाच दिवसाची. सकाळपासूनची आहे.”

ओडेलियानं फोन कानापासून खाली घेतला. पलीकडून ती मुलगी हॅलो, हॅलो करत राहिली.

“पाठवू नकोस,” ओडेलिया शेवटी म्हणाली. “मी येते.”

हे दोन शब्द आई फोनवर बोलायची तेव्हा म्हणायला हवे होते. ती रडत रडत गाडीच्या किल्ल्या शोधू लागली.