पोवळीचं नाव

वरात मालगुंडला पोचली, नवरीनं माप ओलांडलं आणि देवासमोर तांदळाचं ताट आलं. आता अजिंक्यनं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. नाव ठरलं होतं, दिशा. ठरवलं होतं त्याच्या आत्यानं, गोदूबाईंनी. आणि गोदूबाईंनी एकदा ठरवलं की त्या घरातल्या होड्यासुद्धा मुकाट वळायच्या.

नवरीचं नाव पोवळी. या नावापायी शाळेत तिची थट्टा काय कमी झाली होती? पण थट्टा करणाऱ्यांशी भांडता भांडता तिनं त्या नावाचं मूळ खणून काढलं होतं, त्यासाठी कॉलेजात हट्टानं संस्कृत घेतलं होतं. आता त्या नावाला ती कुणाला हात लावू देणार नव्हती.

"माझं नाव बदलायचं नाय," ती म्हणाली.

"अगो, पोवळं म्हंजे मंगळाचा खडा," गोदूबाई म्हणाल्या. "होडीवर जाणाऱ्या माणसांच्या घरात मंगळ कशाला नांदवायचा?"

"मंगळाशी त्याला ज्योतिषांनी जोडलं, आत्या." पोवळीनं मान ताठ केली. "मूळ शब्द प्रवाळ. प्रवाळ म्हंजे झाडाला फुटलेला कोवळा, तांबूस धुमारा. समुद्रातलं ते लाल, फांद्याफांद्यांचं बघून कुणाला तरी धुमाराच आठवला असणार. प्रवाळाचं पवाळ झालं, पवाळाचं पोवळं. किती तोंडांतून घासत आलंय ते! मी जन्मले तेव्हा तशीच लालबुंद होते, म्हणून आज्यानं ठेवलं. मी ते टाकणार नाय."

अजिंक्य अंगठी धरून बसला होता. एकदा आत्याकडे बघे, एकदा बायकोकडे.

"रीत हाय ती," गोदूबाईंनी ताट त्याच्यापुढे सरकवलं. "माझं नाय बदललं? सासरी मी सुमन."

"मग इथं सगळी तुम्हांला गोदू का म्हणतात?"

"हे माझं माहेर हाय गो! इथं मला सुमन म्हणायची कुणाची छाती हाय?"

बोलून गेल्या आणि थबकल्या. गोदूबाईंनी ताटातले तांदूळ बोटानं सारखे केले. मग हळूच म्हणाल्या, "तिकडं एकदा तरी कुणी गोदू म्हणावं, असं लय वाटायचं."

"काय लिहू, आत्या?" अजिंक्यनं विचारलं.

"मेल्या, बायकोचं नाव ठाऊक नाय तुला?" त्या कडाडल्या. "पोवळी लिही. ठसठशीत लिही, ओटीवरनं दिसलं पायजे."

त्यानं लिहिलं. पोवळीचा ऊर अभिमानानं भरून आला, डोळेही भरले, आणि तिनं ते पुसले नाहीत.

गोदूबाई उठून ओटीवर गेल्या. "आमची पोवळी आली गो!" त्यांनी जमलेल्या बायकांना खड्या आवाजात सांगितलं. मग कमरेचा मोबाइल काढून नवऱ्याला फोन लावला.

"अवो, मी गोदू बोलतेय," त्या म्हणाल्या. "गोदू कोण म्हणून काय विचारता? तुमची बायको!"