धुक्यात न दिलेली ओ

त्या सकाळी समुद्र इतका निवांत होता की मला तो अजिबात आवडला नाही. दुधावर साय धरावी तसं पाणी. हवेत ऊब, पण पाण्यात पाय घातला तर नडगी बधिर व्हावी असा गारवा. मासेमारीची हौस असलेल्या लोकांसाठी रेडिओवर अंदाज सांगतात, तो मी सकाळपासून ऐकत होते. वारा मंद, लाटा गुडघ्याखाली, बांगडे किनाऱ्याजवळ आलेले. आणि सगळ्यात शेवटी, हळूच, ‘काही ठिकाणी धुकं’.

“काही ठिकाणी म्हणजे कुठे?” मी नवऱ्याला, गुलवेनला, विचारलं.

“तुझ्या डोक्यात,” तो होडीत गळांचा डबा ठेवत म्हणाला. “अगं, हाकेच्या अंतरातच राहू आम्ही. पोरगी सहा वर्षांची झाली. अजून तिनं एक बांगडा ओढला नाही, लोक हसतील मला.”

एनोरा फुगलेल्या नारिंगी जाकिटात आधीच फळीवर बसली होती, पाठीला पिशवी, तोंड समुद्राकडे. तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. होडी फटफटत खाडीच्या तोंडापर्यंत गेली आणि तिथं एक ठिपका होऊन थांबली. मी त्या ठिपक्यावरून नजर काढली नाही. सासूबाई धक्क्यावर गळ टाकून बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, “डोळ्यांनी ओढून आणणार आहेस का होडी?”

मग ठिपका पुसला गेला.

धुकं आलं असं म्हणवत नाही. ते होतंच, पाण्यातूनच वर उठलं. आधी क्षितिज गेलं, मग खाडीचं तोंड, मग नांगरलेल्या होड्या एकेक करून, कुणी झोपेत पांघरूण वर ओढून घ्यावं तशा. पुळणीवरची माणसं कमरेपर्यंतच उरली. सगळं पांढरं, मऊ. इतकं सुंदर की मला रडू यायला लागलं.

आमच्याकडे अशा वेळी एक रीत आहे. ब्रिटनीच्या या टोकाला प्रत्येक गावात असेल की नाही माहीत नाही, आमच्या खाडीत आहे. धुक्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही, म्हणून तो एकाच जागेवरून यायला हवा. ज्या घराची होडी बाहेर, त्या घरच्या बाईनं होड्या उतरवायच्या उतारावर उभं राहून तांब्याचं घंगाळ वाजवायचं, बाकीच्यांनी तोंड मिटायचं. पुळणीवरच्या गळवाल्यांनी काठ्यांच्या टोकाच्या, मासा लागला की वाजणाऱ्या घंट्या न सांगता काढून खिशात टाकल्या.

“घंगाळ आणते,” सासूबाई उठल्या. जाता जाता थबकल्या. “पोरीच्या पिशवीत ते लांब कानवालं तर नव्हतं ना?”

“कापडाचं आहे ते, सासूबाई.”

“कापडाचं असो नाहीतर कातड्याचं! होडीत त्याचं नावसुद्धा काढत नाहीत, आणि ही अख्खं घेऊन गेली. शिकलेली आई!”

त्या घराकडे गेल्या. होडीवर ससा म्हणजे अपशकुन, असं इथले कोळी मानतात. आमच्या खाडीत फोनला रेंज नसते. मला थांबवेना. उतारापेक्षा उजवीकडचं खडकांचं टोक समुद्रात जास्त आत जातं, म्हणजे ते माझ्या लेकीच्या जास्त जवळ. एवढाच विचार केला मी. शेवाळावरून घसरत टोकावर पोचले आणि ओरडले, “एनोराऽऽ!”

काही नाही. पुन्हा ओरडले. आणि मग त्या पांढऱ्यातून, कापसातून यावा तसा, “आईऽऽ!”

मी हसले, मोठ्यानं. “इकडे! इकडे ये, सोन्या!” फटफट वळली. जवळ येऊ लागली. मी हात हलवत होते, जसं काही तिला दिसणारच होतं.

पायाशी गार लागलं म्हणून खाली पाहिलं. भरती चढली होती. समुद्राच्या केसांसारखं लांब शेवाळ पाण्यावर सुटून हळूहळू डुलत होतं. या टोकासमोर तीन खडक आहेत, गावात त्यांना गाई म्हणतात. ओहोटीला त्यांच्या पाठी कोरड्या असतात. आता एकही दिसत नव्हती. म्हणजे त्या नुकत्या बुडाल्या होत्या, वीतभर पाण्याखाली, माझ्या आणि त्या आवाजाच्या बरोबर मधे.

मी तोंड मिटलं.

“आई!” मी उत्तर दिलं नाही. ‘थांब’ म्हटलं असतं तरी त्यांना एवढंच कळलं असतं, की आई तिथे आहे. “आई, कुठे गेलीस?” मी मूठ दातांत धरली आणि मागे फिरले. शेवाळावरून, कधी बसून, कधी रांगत. मागे ती हाका मारत होती. हाकांचं रडणं झालं. इतकं मुकं मी आयुष्यात कधी चालले नव्हते.

उताराजवळ आले तेव्हा घंगाळ सुरू झालं. ठण. ठण. सासूबाई डोळे मिटून वाजवत होत्या. त्यांच्या शेजारी बसून मी कान लावला. फटफट बंद झाली होती. कितीतरी वेळ फक्त तांबं आणि पाणी. मग वल्ह्याचा चुबुक आवाज, आणि धुक्यातून आधी एक नारिंगी डाग आला, मग त्याखाली होडी.

गुलवेन पांढराफटक पडला होता, तरी म्हणाला, “तू मधेच गप्प झालीस ना, तेव्हाच इंजिन बंद केलं. म्हटलं, ही बाई बोलायची थांबली म्हणजे नक्की काहीतरी भयंकर आहे.”

“गाई,” मी म्हटलं.

त्यानं मान हलवली.

एनोरा माझ्याकडे आली नाही. आजीच्या झग्यात तोंड खुपसून म्हणाली, “मी एवढ्या हाका मारल्या. तू ओ दिली नाहीस.”

खडक, भरती, आवाज, सगळं समजावता आलं असतं. मी फक्त म्हटलं, “हो. नाही दिली.”

तिनं एक डोळा बाहेर काढून मला न्याहाळलं. माझे रक्ताळलेले गुडघे पाहिले. मग घशातल्या घशात, परीक्षा घेतल्यासारखं, “आई.”

“ओ.”

“आई.”

“ओ.”

धुकं तसंच होतं. पुळणीवर कुणीतरी काठीला घंटी परत लावली. एनोरा हाका मारत राहिली, मधेच जांभई देऊन, मधेच माझ्या मांडीवर सरकून. तिच्या सगळ्या हाका फिटेपर्यंत मी तिथेच, ओल्या उतारावर, बसून होते.