शेकायच्या पिशव्यांचा टब

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा टब आहे. रबरी शेकायच्या पिशव्या करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी राहतो. परत आलेल्या मालाची खोकी दारात उतरली, त्या सकाळी कारखान्याला खोट बसल्याचे सगळ्यांना कळले. सोबत दुकानदाराचा निरोप होता. एक पिशवी तोंडाशी फाटून एका आजीबाईंचा पाय भाजला होता. यापुढे तुमचा माल नको, असे त्याने कळवले होते.

मी तेव्हा मागच्या अंगणात पालथा पडलो होतो.

एके काळी माझी जागा खिडकीपाशी होती. मालकीणबाई माझ्याजवळ स्टुलावर बसत. प्रत्येक पिशवीत हवा भरून ती माझ्या पाण्यात दाबून धरत. बुडबुडा आला की ती पिशवी कात्रीने कापून टाकत, म्हणजे विकायचा मोह कुणाला नको. हिशेब बघणाऱ्या धाकट्या दिरांचा जीव तीळतीळ तुटे.

"वहिनी, तुम्ही रबर नाही, आपला नफा कापताय."

"भावजी, ही कुणाच्या तरी पोटावर ठेवायची आहे. तुमच्या ठेवू का?"

दीर हसत निघून जात. पण बाई तेवढ्यावर थांबत नसत. कापलेली पिशवी घेऊन त्या साच्यावरच्या मिस्त्रीकडे जात आणि बुडबुडा कुठून आला ते दाखवत. मिस्त्री कुरकुरत साचा दुरुस्त करी. त्यामुळे पुढे पुढे कात्रीला फारसे काम उरले नाही. रबर वाचू लागले, आणि दुकानदार घासाघीस न करता माल उचलू लागले.

मग बाई आजारी पडल्या आणि गेल्या. त्या स्टुलावर दुसरे कुणी बसलेले मालकांना बघवेना. त्यांनी मला मागे नेऊन ठेवायला सांगितले. दीर म्हणाले, बरेच झाले, एका माणसाची मजुरी वाचली. कापलेल्या पिशव्याही दिसेनाशा झाल्या. काही दिवस नफा वाढल्यासारखा वाटला. मित्रांनो, चूक कुठे गेली नव्हती. ती मालाबरोबर दारातून बाहेर जात होती.

खोकी आली त्या दिवशी मालक स्वतः अंगणात आले. त्यांनी मला सुलटे केले, गंज घासला, पाणी भरले. परत आलेली एक पिशवी पाण्यात दाबली. तोंडाशी भराभर बुडबुडे उठले.

"दादा, मला वाटलं, आपले पैसे वाचतायत," दीर हळूच म्हणाले.

"मी तर बघायचंच सोडलं होतं," मालक म्हणाले आणि त्यांनी कात्री मागितली.

आता माझ्याजवळ दीर बसतात. त्यांचा हात अजून बसलेला नाही. पण बुडबुडा दिसला की ते उठून मिस्त्रीकडे जातात. दुकानदार मात्र अजून फिरकलेला नाही. नाव मिळवायला बाईंना बरीच वर्षे लागली होती.

मित्रांनो, तुमच्या घरी शेकायची पिशवी असेल, तर गरम पाणी भरण्याआधी ती एकदा हवा भरून पाण्यात दाबून बघा. मी पालथा होतो तेव्हा बाहेर गेलेल्या सगळ्याच पिशव्या परत आलेल्या नाहीत. कितीतरी अजून लोकांच्या अंथरुणात आहेत. त्या शोधून परत आणायचे काम राहिले आहे.