ग्लासातला डेंग्यू

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण घाटकोपरच्या भटवाडीत एक माणूस डेंग्यूला काचेच्या ग्लासात पकडून दाखवायचा. सोसायटीचा हॉल गच्च भरलेला असे आणि चपलांचा ढीग पार जिन्यापर्यंत जाई. समोर भगव्या कुर्त्यावर डॉक्टरी पांढरा कोट चढवलेले पेशीगुरू चंद्रप्रकाश माइक धरून उभे.

"तुमच्या प्रत्येक पेशीत एक मोरी आहे," ते सांगत. "मोरी तुंबली की विषाणू मुक्कामाला येतो. पेशीने आपला कचरा आपणच खायचा असतो. परदेशात यावर मोठमोठी बक्षिसं वाटली. आपल्या रानातली मुळी हे काम केव्हापासून करतेय, तिला कोणी हारसुद्धा घातला नाही."

मग तापकरी माणूस ग्लासात चूळ टाकी. गुरू त्यात तपकिरी 'दिव्यार्का'चे थेंब सोडत. पाणी काळंनिळं होई. "हाच तो," गुरू हळूच म्हणत, जणू तो ऐकून पळून जाईल. वरून हिरवट काढा ओतला की बघता बघता काळं नाहीसं होई. हॉलमध्ये श्वास सोडल्याचा आवाज येई.

पहिल्या रांगेत धोंडू परब बसायचा. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी केलेला, मालवणकडचा म्हातारा. भटवाडीत त्याच्याएवढा थापाड्या दुसरा नव्हता. मालवणातून मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, पाठीवर बसून आपण भाऊच्या धक्क्यावर उतरलो, वाटेत रत्नागिरीला तिला चहासाठी थांबवलं, हे तो शपथेवर सांगे. असा माणूस या मोरीच्या गोष्टीला भुलला. घरात प्रेमा, त्याची बायको, डेंग्यूने तापली होती, आणि ऐकायला हवं होतं नेमकं तेच समोरचा माणूस सांगत होता.

ताप आला की कोकणी घरात पेज शिजते. धोंडू स्वतः उकड्या तांदळाची पेज करून, चिमूटभर मीठ घालून, प्रेमाला भरवत होता. पेज पाजूनच तो तिला हॉलमध्ये घेऊन आला. तिच्या चुळीचं पाणी शाईसारखं झालं.

"फार साठलाय," गुरू म्हणाले. "आता पेज बंद. पाणी घोटभर. पेशी उपाशी राहिली तरच कचरा खाईल. फक्त काढा."

खाली देवेश, धोंडू-प्रेमाचा मुलगा, रिक्षा थांबवून उभा होता. "बाबा, प्लेटलेट्स उतरतायत. ॲडमिट करूया ना. दवाखान्यातल्या मॅडमनी भरपूर पाणी द्यायला सांगितलंय."

"तू ग्लास बघलंस मा?"

"ग्लासाचं काय घेऊन बसलात, यार?"

"रिक्षा सोडून दी," धोंडू म्हणाला. देवेशने बापाकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि रिक्षा सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी प्रेमा म्हणाली, "माका वायच पेज होयी."

"उद्या. आज तुझ्या पेशी जेवतत."

ती हसली. त्याच्या बोलण्यावर ती नेहमीच हसायची.

त्याच संध्याकाळी तिची चूळ नुसती पिवळसर झाली. काळं नावाला नाही. तापही उतरला होता. गुरूंनी तिला उभं करून टाळ्या घ्यायला लावल्या. तिने धोंडूची बाही घट्ट धरली होती. पोटात दुखतंय म्हणत होती. त्याला वाटलं, कचरा निघतोय. सकाळी तिचे हातपाय गार पडले. हॉस्पिटलात नेलं, पण दिवस मावळायच्या आत प्रेमा गेली.

हॉलमधला कार्यक्रम मात्र चालूच राहिला. तेव्हा पालिकेच्या दवाखान्यातली डॉक्टर संघमित्रा धोंडूकडे आली. ती याच इमारतीत वाढलेली. मुशीची गोष्ट त्याच्याच मांडीवर बसून ऐकलेली.

"काका, माझ्याबरोबर चला. बोलू नका, फक्त बघा."

हॉलमध्ये तिने सगळ्यांसमोर डब्यातली पेज खाल्ली, ग्लासात चूळ टाकली आणि तो पुढे केला. गुरूंनी नाही म्हणायला तोंड उघडलं, तर मागून देवेश म्हणाला, "टाका ना थेंब. घाबरता कशाला?"

थेंब पडला. पाणी काळंनिळं.

"बघा," गुरू सावरले, "हिच्यात सुप्त विषाणू आहे."

संघमित्राने चहाबरोबर ठेवलेलं बिस्किट उचललं आणि त्यावर तोच अर्क सोडला. बिस्किट काळं पडलं. "आणि याला कधीपासून ताप आहे?"

एक बाई फिसकन हसली. मग बरेच जण हसले. धोंडू हसला नाही.

"हे आयोडीन आहे," संघमित्रा म्हणाली. "जखमेला लावतो ते. पिठूळ पदार्थाला लागलं की काळंनिळं होतं. तुम्ही तापात पेज देता हे यांना ठाऊक आहे. काढ्यात आवळा आहे. आवळ्याने तो रंग जातो. मग हे तुम्हाला उपाशी ठेवतात. तोंडात पेजच नाही, तर चूळ काळी होणार कशी?"

"पण ताप उतरतो त्याचं काय?" कोणीतरी विचारलं.

"डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरा धोका असतो. पोट दुखणं, हात गार पडणं, ही धावत हॉस्पिटल गाठायची वेळ. आणि तेव्हा अंगातलं पाणी कमी पडून चालत नाही." तिने काळं बिस्किट खाली ठेवलं. "पेशी आपला कचरा खातात, हे खरं आहे. झाडपाल्यातल्या काही द्रव्यांनी ते काम वाढतं, काहींनी प्रयोगशाळेत विषाणू अडतो, यावर संशोधनही चालू आहे. पण डेंग्यूचा विषाणू त्याच कामाचा स्वतःसाठीही वापर करून घेतो. प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशीत जमलं ते माणसात जमेलच असं नाही. त्यासाठी माणसांवर नीट तपासून बघावं लागतं. कोणी चमत्कार दाखवला तर एवढंच विचारा, निरोगी माणसावर करून दाखवशील का? तेवढं तरी विचारत जा."

गुरू मागच्या दाराने कोट काढत निघाले होते. देवेश आणि चारदोन जणांनी त्यांना अडवून पोलिसांना फोन लावला.

धोंडू जिन्यात बसला. संघमित्रा शेजारी टेकली. 

"संघू, ती रिक्षा सोडूक नसती तर?"

"काही फरक पडला नसता, काका," ती पटकन म्हणाली. "आजार फार पुढे गेला होता. काकी राहिल्या नसत्याच."

धोंडूने तिच्याकडे बघितलं. ती चपलेचा पट्टा नीट करत होती. तो आधीच नीट होता.

"खोटा बोलतंस, संघू," तो म्हणाला.