ओव्हनमध्ये राहून गेलेली दांडी

मी चहाच्या पातेल्याची दांडी बोलतेय. काळी, जराशी खडबडीत, पण जन्माने झाडाझुडपांची बरं का! एरंडाच्या तेलाने मला चिवटपणा दिला आणि भाताच्या तुसांच्या राखेने धीर. राख एकदा जळून चुकलेली. तिला आगीचं काय भय?

मला घडवणारी मुलगी दूरदेशी शिकून आली होती. तिला वाटलं होतं, पांढरीशुभ्र प्रयोगशाळा मिळेल, चकचकीत यंत्रं मिळतील. मिळाली ती मामाच्या भांड्यांच्या कारखान्यामागची खोली आणि मामीचा बिस्किटं भाजायचा, कडीकोयंड्याचा जुना ओव्हन. तरी स्वारी खूश! "प्लास्टिकची दांडी ज्योत लागली की वितळते, मामीची बोटं भाजतात. मी झाडांपासून अशी दांडी करीन की ज्योतच लाजेल," असं ती येईल त्याला सांगत सुटायची.

माझ्या थोरल्या बहिणी मात्र एकजात तडकल्या. भाचीला दमच निघत नसे. ओव्हन बंद झाला रे झाला, की चिमट्याने दांडी बाहेर काढायची आणि "मामा, बघ, बघ!" करत अंगणातून पळायची. गार वारा लागला की मामासमोर पोहोचेपर्यंत टच्!

"हिची दांडी बघायला नाही, नुसती ऐकायलाच मिळते," मामा म्हणायचा.

शेवटी ती हिरमुसली. मला भाजायला ठेवलं खरं, पण एकदाही डोकावली नाही. ओव्हन बंद केला, बॅग भरली आणि उद्या परत जायचं, तिकडच्या जुन्या सरांकडे नोकरी धरायची, असं सांगून झोपली. मी आत सावकाश, अगदी ऐसपैस निवत गेले.

सकाळी मामी ओव्हन पुसायला आली नि ओरडली, "अगं ए शहाणे, ही आतच राहिली की तुझी!"

भाची चूळ भरता भरता धावली. मला उलटसुलट केलं, टिचकी मारली. तडा नाही! मामाने मला पातेल्याला बसवलं. मामीने चहा ठेवला, ज्योत मुद्दाम मोठी केली. चहा उकळला. मामीने हातातलं फडकं भिरकावलं आणि मला उघड्या हाताने धरलं.

"भाजतंय का गं?" मामाने घाबरून विचारलं.

"तुमच्या बोलण्यापेक्षा कमीच!"

हसता हसता भाचीचे डोळे भरून आले. "म्हणजे मीच दांडीला निवू देत नव्हते!"

"तुझ्या गाडीची वेळ झाली ना?" मामाने हळूच विचारलं.

"जाऊ दे गाडी." तिने बॅग उपडी केली, बॅगेचं कुलूप काढून ओव्हनच्या कडीला लावलं आणि किल्ली मामीच्या हातात ठेवली. "यापुढे दांडी पुरती निवल्याशिवाय हे उघडायचं नाही. मी कितीही हातापाया पडले तरी."

आज त्या कुलपामागे माझी धाकटी बहीण आहे. चहाला आलात तर मला बिनधास्त धरा. तिला मात्र निवांत निवू द्या.